फर्दापूरला जाताना टाकी भरेना

लोक संभाजीनगरला जाऊन येतात आणि लेणी सांगतात, किल्ला सांगतात, दरवाजे सांगतात. मी त्या बाजूला चार दिवस राहून आलो आणि मला विचाराल तर मी पेट्रोल पंप सांगेन. चिपळूण सोडल्यापासून आम्ही इतक्या पंपांवर इतका वेळ उभे राहिलो की मागच्या गाडीवाल्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अजिंठ्याची लेणी? लांबून डोंगर पाहिला. पुढच्या खेपेला बघू.

आधी आम्ही म्हणजे कोण ते सांगतो. मी निवृत्त शाळामास्तर, जन्मभर विज्ञान शिकवलं. बरोबर बायको सुलभा आणि आमची चौदा वर्षांची पांढरी गाडी. निमित्त होतं लेकीच्या डोहाळजेवणाचं. गौरी आमची एकुलती एक. संभाजीनगरला लागूनच बजाजनगर आहे, तिथं ती आणि तिचा नवरा बालाजी राहतात, दोघंही कारखान्यात नोकरीला. बालाजीचं घर फर्दापूरचं, शेतकरी माणसं. सातव्या महिन्याचा कार्यक्रम विहीणबाईंनी आपल्या दारात ठरवला होता. गौरीला मोटरसायकलवर बसवायचं नाही अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद, म्हणून तिला बजाजनगरातून फर्दापूरला आमच्या गाडीतून न्यायचं, एवढंच आमचं काम.

एवढंच म्हटलं खरं. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत नाही. या वेळची बातमी श्रावणात फोनवर आली तेव्हाही गौरी म्हणाली, "आई, कुणाला सांगू नकोस. आनंद वगैरे नंतर करू." पोटची पोर असं बोलली की आईबापांनी काय करायचं? आम्हीही मग जपून जपून, कुणाला दिसणार नाही इतकाच आनंद केला.

वाटेवरचे पंप

टाकीचं दुखणं घरूनच घेऊन निघालो होतो. श्रावणात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी महिनाभर शेडमध्ये उभी राहिली. त्यानंतर पेट्रोल भरायला गेलं की नोझल आत घातल्याबरोबर टक्! बंद. पुन्हा दाबलं की दोन घोट आत आणि पुन्हा टक्! टाकी भरली असं समजून पंपाचं नोझल आपोआप मिटायचं, आणि टाकी तर रिकामी. चिपळुणात गाडी बाजारापुरती फिरते, तिथं थोडं थोडं भरून चाललं. लांबच्या रस्त्याला लागलो आणि तिनं रंग दाखवायला सुरुवात केली.

साताऱ्याच्या अलीकडे पंपावर एक बाई होत्या. "काका, टाकी फुल्ल आहे तुमची."

"अहो बाई, काटा बघा. तळाला टेकलाय."

"मग काटा बिघडलाय."

मला असल्या आत्मविश्वासाची चीड येते, कारण वर्गात मी स्वतः तोच वापरत आलो. पंधरा मिनिटं टक्-टक् करत पाच लिटर पेट्रोल आत गेलं. मागे रांग लागली. एक ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, "काय हो, चमच्यानं पाजताय का?"

पुण्यात भाच्याकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघालो. अहिल्यानगरच्या पुढे एका मिशीवाल्यानं नोझल उलटं धरायचा प्रयोग केला. उलटं धरलं की सुरळीत जातं म्हणे. गेलं नाही. गोदावरी ओलांडायच्या आधी तिसरा पंप लागला, तिथला इसम म्हणाला, "गाडी हलवा, आत जागा व्हती." आपल्याकडे धान्य मापताना माप हापटतात तसा हा प्रकार. मला पटला नाही, पण रांगेतल्या चौघांना लगेच पटला. चौघं धावत आले आणि सुलभा आत बसलेली असतानाच गाडी गदागदा हलवू लागले.

"अहो हळू!" सुलभा खिडकीतून ओरडली. "मागच्या चाकाकडे हात नका लावू कुणी! पुढून हलवा!"

कुठूनही हलवा, गाडीनं एक ढेकर दिली आणि आतलं पेट्रोल उसळून माझ्या विजारीवर आणि गाडीच्या अंगावर सांडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, आता खाली वाकून काय आहे ते बघतोच. तर सुलभा दार उघडून बाहेर आली. "वाकायचं नाही! डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं."

"त्याला चार महिने झाले!"

"म्हणून काय झालं? डोळे तेच आहेत ना?"

ही बाई एरवी मला गॅसची टाकी उचलायला लावते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. उलट ती प्रत्येक पंपावर "हळूहळू भरू द्या, आपल्याला कुठं आग विझवायला जायचंय" असं म्हणत होती, आणि मला वाटलं, वयानं माणूस शांत होतं.

दुपारचं जेवण रस्त्यावरच्या एका हॉटेलात. शेवभाजी, ज्वारीची भाकरी आणि कांदा. आम्ही भातखाऊ माणसं, भाकरीचा पापुद्रा बघूनच हरखलो. शेवभाजीवर बोटभर तवंग होता. "कमी तिखट द्या" असं मी बजावून सांगितलं होतं. पहिल्याच घासाला कानांतून वाफ आली. वाढप्या म्हणाला, "कमीच हाय काका. जास्तीचं त्या टेबलावर गेलंय." त्या टेबलावरचा गृहस्थ शांतपणे वर मिरची चावत होता. सुलभानं माझं ताकही पिऊन टाकलं.

बजाजनगर

बजाजनगरात पोचलो तेव्हा पहिली पाळी सुटत होती. रस्ताभर डबे लटकावलेल्या मोटरसायकली, कोपऱ्याकोपऱ्यावर भजी आणि जिलेबीचे गाडे. गौरी खाली उतरून आली. चेहऱ्यावर तेज होतं, पण आईच्या गळ्यात पडताना एक हात पोटावर धरलेलाच होता. गाडीजवळ आली आणि नाकाला ओढणी लावून तीन पावलं मागे सरली.

"बाबा, केवढा वास येतोय पेट्रोलचा! मला उमळतंय. मी नाही या गाडीत बसणार."

बालाजी दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत होता, पण थांबला. "मामा, काळजी नका करू. मी दुसरी गाडी बघतो."

"नको," गौरी एकदम म्हणाली. "दुसरी नको नि तिसरी नको. राहू दे ना. मी आईंना फोन करते, कार्यक्रम नको म्हणून सांगते. बरंच झालं."

त्या 'बरंच झालं'वरून मला काय ते कळलं. वासाचं नुसतं निमित्त होतं, पोरीला जायचंच नव्हतं. आतल्या खोलीत पाहिलं, तर सातवा महिना लागलेल्या घरात बाळाचं एक दुपटंसुद्धा नव्हतं. सुलभानं बॅगेतून हिरवी साडी काढली, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत ठेवली.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. मी गौरीला म्हटलं, "संध्याकाळपर्यंत फोन करू नकोस. गाडी दुरुस्त होऊन वास गेला तर येशील?"

"बघू," ती म्हणाली. आमची मुलगी 'बघू' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ नाही असाच असतो.

बालाजीनं उस्मानपुऱ्यातल्या एका उस्तादांचा पत्ता दिला. मी निघालो, तर सुलभाही पदर खोचून तयार.

"तू कशाला? लेकीजवळ बस."

"मी येणार," ती म्हणाली. आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.

उस्मानपुरा

रशीदभाईंचं गॅरेज म्हणजे लिंबाच्या झाडाखालची एक पत्र्याची शेड. साठीचे गृहस्थ, पांढरी दाढी, चष्म्याला दोरा. आधी चहा मागवला, मग दुखणं ऐकलं. आमच्या चिपळुणात मेकॅनिक आधी गाडी उघडतो आणि मग आपल्याला उपाशी ठेवतो, त्यामुळे ही रीत मला फार आवडली. मी सगळी हकीकत सांगितली, नोझल उलटं धरण्यापासून गाडी हलवण्यापर्यंत. ते हसून म्हणाले, "मास्तर, हलवून टाकी भरत असती तर मी इथं झूला बांधला असता."

त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स!

"सुना? हवा अडकलीय." मग पाण्याची रिकामी बाटली घेतली, तिच्या तोंडात तेलाचं नरसाळं बसवलं आणि फटीत चिंधी कोंबली. वरून पाणी ओतलं. पाणी नरसाळ्यातच थांबलं. "आतली हवा बाहेर गेल्याबिगर पानी आत कसं जाईल? आता देखो." चिंधी जरा सैल केली, आणि गुडूप! पाणी खाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. हा प्रयोग मी तीस वर्षं सातवीच्या वर्गाला करून दाखवला. चिंधीऐवजी मळलेली कणीक लावायचो, एवढाच फरक. 'हवा जागा व्यापते' हे वाक्य फळ्यावर लिहून लिहून माझी बोटं झिजली, आणि चार महिने माझ्याच दारात तोच प्रयोग चालला असताना मी नोझलवाल्यांशी भांडत हिंडत होतो. सुलभाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मागच्या चाकाकडे बघत होती.

रशीदभाई चटई टाकून मागच्या चाकापाशी आडवे झाले. बॅटरीचा झोत पत्र्याआड टाकला. "हौ, मिल गया. टाकीतली हवा या बारक्या नळीतून बाहेर जाती. तिच्या तोंडावर कुंभारीण माशीनं घर केलंय. सगळी माती लिंपून ठेवलीय." आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"हात लावू नका!"

सुलभा असं ओरडली की लिंबावरचे कावळे उडाले. ती धावली आणि चाकाच्या आड, ग्रीसच्या डागांवर, नव्या साडीनिशी फतकल मारून बसली. "मोडायचं नाही. काहीही करा, मोडायचं नाही."

"अगं, काय चाललंय तुझं?"

मग तिनं सांगितलं. श्रावणात गौरीचा फोन आला त्याच आठवड्यात शेडमध्ये एक कुंभारीण माशी तोंडात ओल्या मातीची गोळी धरून मागच्या चाकाआड जाताना तिला दिसली. घरात कुंभारणीनं घर केलं की पाळणा हलतो, आणि ते घर मोडलं तर… "मागच्या वेळी मी दिवाळीची साफसफाई करताना खिडकीतलं असंच एक घर झाडूनं पाडलं होतं. आणि पंधरा दिवसांत गौरीचा तसा फोन आला. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही हसला असतात."

मी हसलो असतो हे खरं आहे. म्हणून चार महिने हिनं मला गाडी धुऊ दिली नाही, वाकू दिलं नाही, आणि पंपावर टक्-टक् ऐकत निमूट बसली. टाकी का भरत नाही ते तिला ठाऊक नव्हतं, पण मागं काय आहे ते ठाऊक होतं. मला आधी राग आला. मग तिचा चेहरा पाहिला आणि राग कुठं गेला कळलं नाही. दोन वर्षं ही बाई त्या झाडूचं ओझं एकटी वागवत होती आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो.

रशीदभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. "अम्मा, उठा. नाय मोडत. आमची अम्मीबी मोडू देत नव्हती." मग डबा धुंडाळून एक दांड्याचा छोटा आरसा काढला आणि चाकाआड धरला. "जरा हितं बघा. मास्तर, तुम्हीबी."

आरशात मातीची तीन इवली गाडगी दिसली, एकाला एक चिकटलेली. आणि प्रत्येकाला एक गोल भोक.

"तीन खोल्या, तीन दरवाजे," रशीदभाई म्हणाले. "बाहेरून कुणी फोडलं तर माती आत पडती. हे आतून फोडलंय. बच्चे मोठे झाले नि उडून गेले, अम्मा. कब के! दिवाळीच्या आधीच गेले असतील."

"तिन्ही?" सुलभानं विचारलं.

"तिन्ही. सब सलामत."

सुलभा तिथंच एका जुन्या टायरवर बसली आणि रडायला लागली. मी काय करणार? चहाचा अर्धा कप राहिला होता, तो तिच्या हातात दिला. रिकामं घर राखत बसली होती बिचारी, आणि ते रिकामं झालं होतं यातच तिला हवं होतं ते सगळं होतं.

गाडग्यांना धक्का न लावता रशीदभाईंनी नळीच वीतभर वरून कापली आणि नवा तुकडा जोडला. त्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवू का, म्हणून विचारलं, म्हणजे पुन्हा कुंभारीण यायची नाही. सुलभा नको म्हणाली. मी म्हटलं, "बसवा! पुन्हा हे पंपांचे धिंडवडे नकोत मला." कापलेला तुकडा त्यांनी उर्दू वर्तमानपत्रात गुंडाळून सुलभाच्या हातात ठेवला, गाडीचं अंग साबणानं धुऊन दिलं आणि म्हणाले, "नात झाली तरी कळवा, नातू झाला तरी कळवा. मिठाई मी खातो, शुगर असली तरी."

परतताना पंपावर थांबलो. नोझल आत गेलं आणि आकडे जे धावायला लागले ते थांबेचनात. शेवटी टक् झालं तेव्हा काटा माथ्याला टेकला होता. मी पंपवाल्याचा हात हातात घेऊन दाबला. तो घाबरून म्हणाला, "काय झालं काका?"

पुन्हा बजाजनगर

सुलभानं गौरीसमोर कागद उलगडला आणि झाडूपासून आरशापर्यंत सगळं सांगितलं. गौरी आधी हसायला लागली. "आई! चार महिने बाबांना गाडी धुऊ दिली नाहीस?" मग तिनं तुकडा हातात घेतला. एका भोकात करंगळीचं टोक घातलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"नक्की आतून फोडलंय, बाबा?"

"नक्की. मी स्वतः पाहिलं. कडा बघ, माती बाहेरच्या अंगाला पडलीय."

तिनं त्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी अजून एक झबलंसुद्धा घेतलं नाही. मला वाटतं, तयारी केली की… मला फार भीती वाटते, बाबा." हे वाक्य ऐकायला आम्ही दोन वर्षं थांबलो होतो. सुलभानं तिला जवळ घेतलं. तिघांच्या डोळ्यांना पाणी, आणि खालच्या गाड्यावरून भज्यांचा वास वर येत होता. गौरीनं नाक पुसलं आणि विचारलं, "हिरवी साडी आणलीयेस ना?"

फर्दापूर

दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्ये तुरीच्या ओळी, आणि गौरी मागच्या सीटवर खिडकी उघडून गाणं गुणगुणत बसलेली. वास अजिबात नाही. घाटात मी गाडी इतकी जपून चालवली की एका बैलगाडीवाल्यानं मागून हाक मारली, "सरका की वो!"

विहीणबाई दारातच तुकडा तांब्याच्या तबकात घेऊन उभ्या. बालाजीनं फोनवर सांगून टाकलं होतं आणि गौरीनं गाडीतून उतरताच तो त्यांच्या हातात दिला होता. "लई शुभ हाय वो हे," त्या सुलभाला म्हणाल्या. "तुमी राखलं म्हून राह्यलं." आमच्याकडे डोहाळजेवण म्हणजे दहा बायका, हळदीकुंकू आणि संपलं. इथं अख्खी गल्ली आली, पुरुषसुद्धा भिंतीला टेकून उभे. चिंचेच्या फांदीला झोका बांधला होता. फुलांचे दागिने घातलेली गौरी झोक्यावर बसली आणि बायकांनी एवढ्या जोरात गाणी म्हटली की तिला हसू आवरेना. तिचं तसलं मोठ्यानं हसणं मी विसरलोच होतो.

जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. मी भरताला हात आखडता घेतला, शेवभाजी आठवून.

"काऊन वो मास्तर, इतकुसंच घेता व्हय? नाय म्हनायचं नाय आज." विहीणबाईंनी अर्धी वाटी ओतली. मी खाल्लं, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाचंच असं सगळ्यांना सांगितलं.

परतून अडीच महिने झाले. गेल्या मंगळवारी गौरीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत, रशीदभाईंना कळवलं आहे. फोन ठेवून सुलभा शेजारी साखर वाटायला गेली. मी शेडमध्ये गेलो, मागच्या चाकापाशी वाकलो, गुडघ्यांनी जी काय कुरकूर करायची ती केली, आणि नळीच्या तोंडावरची जाळी काढून टाकली. सुलभाला काही बोललो नाही. विचारलंच, तर गाडी धूत होतो म्हणून सांगेन.